तीन दिवस कमी

दारूच्या दुकानात बावीस वर्षं उभा असलेला माणूस दारूला कधी ओठसुद्धा लावत नाही, ह्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. न बसो. कार्डकाका तसे होते, एवढं खरं.

नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. काउंटरवर कोणीही आलं की काकांचा पहिला शब्द ‘कार्ड?’ नमस्कार नाही, चमत्कार नाही. ज्याच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत, ज्याचं बोट धरून नातवंड उभं आहे, त्यालाही ‘कार्ड?’ एकदा एक कवळीवाले आजोबा चिडले. “अहो, माझं वय दिसत नाही का तुम्हाला?” काका म्हणाले, “दिसतंय ना. पण दिसण्यावर दुकान चालत नाही. काढा.” आजोबांनी पुटपुटत कार्ड काढलं. काकांनी फोटोवर अंगठा ठेवून जन्मतारीख मोठ्याने वाचली, मान वर करून पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, “हं. चालेल.” रांगेतल्या लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. काका हसले नाहीत. ते विनोद करायचे तेव्हाही तोंड सरळच असायचं.

ती पाटी मात्र नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच टांगलेलं आहे. काउंटरच्या मागे, बाटल्यांच्या फळ्यांच्या वर, एक लाकडी पाटी. तिच्यावर रंगाने लिहिलेलं, ‘खालील तारखेला किंवा त्याआधी जन्मलेल्यांनाच मद्य मिळेल.’ त्याखाली तीन खिळे. एका खिळ्यावर दिवस, दुसऱ्यावर महिना, तिसऱ्यावर साल. पत्र्याचे तुकडे, त्यांवर पांढऱ्या रंगाने काढलेले आकडे. कायद्याचं वय एकवीस, म्हणून दिवस आणि महिना आजचा, साल एकवीस वर्षं मागचं. सकाळी शटर वर केलं की काकांचं पहिलं काम हे. कालचा पत्रा काढून बिस्किटांच्या डब्यात टाकायचा, आजचा शोधून खिळ्यावर अडकवायचा. पाटी रोज एक दिवस पुढे सरकायची आणि कुठल्या ना कुठल्या घरात कोणीतरी एकवीस वर्षांचं व्हायचं. शेजारी मशीन होतं, त्यात जन्मतारीख टाकली की तेही हिशेब करून सांगायचं. पण काकांचा भरवसा पाटीवर. मशीन बिघडतं, खिळा बिघडत नाही, असं ते म्हणायचे.

गेली दोन वर्षं चार महिने काका एका तारखेची वाट पाहत होते. ऑक्टोबरची तीन. त्या दिवशी त्यांच्या मुलाला एकवीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे, तो असता तर.

मुलगा एकुलता एक. लहानपणी तोंडाने गाडीचा भोंगा वाजवत घरभर पळायचा म्हणून भोंग्या. मोठा झाल्यावर भोंगा सुटला पण नाव सुटलं नाही. बारावीची परीक्षा संपली, निकाल बरा लागला, आणि जूनमधल्या एका दुपारी तो तीन मित्रांना घेऊन बापाच्याच दुकानात आला. फ्रीजमधून बिअरची एक बाटली काढली. चौघांत एक. ती आणून काउंटरवर ठेवली आणि बापाकडे बघून हसला.

“कार्ड?” काका म्हणाले.

रांगेतले दोघे-तिघे फिदीफिदी हसले. त्यांना माहीत होतं हा कोण ते. भोंग्यानेही गमतीगमतीत कार्ड काढून पुढे केलं. काकांनी फोटोवर अंगठा ठेवला, तारीख वाचली, पाटीकडे पाहिलं. मशीनमध्येही टाकली. मशीन कुंईं करून ओरडलं.

“दोन वर्षं चार महिने कमी,” काका म्हणाले. आणि मग, रांग हसतच होती म्हणा, किंवा बापाला त्या दिवशी मुलाचं कौतुक वाटत होतं म्हणा, ते पुढे बोलले. “तेव्हा ये. पहिली बाटली माझ्याकडून.”

सगळं दुकान हसलं. मित्रही हसले. भोंग्याचे कान लाल झाले. “बरं,” एवढंच म्हणून तो कार्ड खिशात घालून निघून गेला. काकांनी बाटली उचलून परत फ्रीजमध्ये ठेवली, तिच्या जागेवर, लेबल पुढे करून.

तिथून ती पोरं भंगाराच्या गोदामामागे एका माणसाकडे गेली. तो कॅनमधून चोरटी दारू विकायचा. त्याच्याकडे पाटी नव्हती, मशीन नव्हतं, कार्ड तर त्याने जन्मात मागितलं नसेल. चौघेही प्यायले. त्यात काय मिसळलं होतं ते नंतर प्रयोगशाळेने लांबलचक नावाने सांगितलं. तिघे ओकले आणि वाचले. भोंग्या ओकला नाही. तिसऱ्या दिवशी, हॉस्पिटलच्या पलंगावर, तो गेला.

काकूंनी काकांना एकदाच विचारलं होतं, दुकानात काय झालं म्हणून. काका म्हणाले, “कार्ड मागितलं. वय कमी होतं. परत पाठवला.” हे खरंच होतं. खऱ्यातलं अर्धं. ‘पहिली बाटली माझ्याकडून’ हे वाक्य काकांनी बायकोला सांगितलं नाही. चारचौघांत पोराचं हसं केलं, तो मान खाली घालून गेला, आणि म्हणूनच तो रिकाम्या हाताने घरी न येता तिकडे गेला, असं काकांच्या मनाने घेतलं होतं. ते त्यांनी कोणापाशी बोलून दाखवलं नाही. काकू शिवणकाम करायच्या. घरात मशीनचा आवाज असायचा, माणसांचा नसायचा.

नंतरच्या वर्षी दुकानाला अबकारी खात्याकडून प्रशस्तिपत्र आलं. वयाच्या नियमाची उत्तम अंमलबजावणी. तपासणीला आलेल्या साहेबांनी मालकाला सांगितलं होतं की, पोटच्या पोरालाही ज्याने दिली नाही असा माणूस आमच्या कारकिर्दीत पाहिला नाही. साहेबांचा हेतू चांगला होता. काय बोलावं हे कळत नसलं की चांगल्या हेतूची माणसं असलंच काहीतरी बोलतात. मालकाने पत्र फ्रेम करून काउंटरशेजारी लावलं. काका रोज पाटीबरोबर तीही काच पुसायचे. पुसताना त्यांना काही वाटायचं नाही. आणि नेमकी हीच गोष्ट त्यांना घाबरवायची. सुरुवातीला लोक म्हणाले, धक्का आहे, ओसरेल. धक्का ओसरला. खाली काहीच नव्हतं. भूक लागायची, जेवायचे. झोप यायची, झोपायचे. रडू आलं तर बरं, असं वाटायचं, पण कोरड्या पडलेल्या आडात पोहरा कितीही सोडा.

अशातच दारू मिळण्याचं वय कमी करण्याचं निघालं. एकवीसचं अठरा करा. झालं. लोकांना काय, मत असतंच. मताला भाडं पडत नाही. चहाच्या टपरीवर, केस कापायच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, जो तो ह्या बाजूचा नाहीतर त्या बाजूचा. अठराव्या वर्षी मत देता येतं, लग्न करता येतं, बंदूक हातात घेऊन सरहद्दीवर मरता येतं, मग एक घोट का नाही, असं एका बाजूचं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ओठावरचं दूध वाळलं नाही त्यांच्या हातात बाटली द्यायची आणि मग रस्त्यावरून त्यांना गोळा करायचं का.

एका रविवारी सकाळी काकांच्या घरी एक वकील आले. म्हणाले, तुमच्या मुलाला दुकानातून सीलबंद बाटली मिळाली असती तर तो आज जिवंत असता, हे आपण लोकांना सांगायला हवं. काकांनी चहा दिला. वकिलांनी फोटो मागितला, काकांनी फोटो दिला. दुपारी एक मुख्याध्यापिका आल्या. म्हणाल्या, अठराव्या वर्षी दारू काय करते त्याचा तुमच्या मुलाहून मोठा पुरावा नाही, हे आपण लोकांना सांगायला हवं. काकांनी चहा दिला, फोटो दिला. तोच फोटो, दुसरी प्रत. आठवड्याभरात गावभर दोन पत्रकं फिरली, एक हिरवं, एक तांबडं, आणि दोन्हींवर भोंग्या एकाच शर्टात हसत होता.

“तुमचं स्वतःचं मत काय?” टपरीवाल्याने विचारलं.

“माझं काही नाही,” काका म्हणाले. “मी फक्त पाटी बदलतो.”

हे नुसतं बोलणं टोलवणं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडून त्यांनी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या होत्या. वकिलांचं पटायचं. मुख्याध्यापिकांचंही पटायचं. दोन्ही पटलं तरी पोरगा त्याच जागी असायचा. मग मत घेऊन करायचं काय, लोणचं घालायचं?

त्यांना हवी होती ती एकच गोष्ट. तीन ऑक्टोबरला पाटीवर भोंग्याची जन्मतारीख लागायला हवी होती. दिवस, महिना, साल, तिन्ही खिळ्यांवर त्याचंच. ‘तेव्हा ये’ असं त्यांनी म्हटलं होतं, ते ‘तेव्हा’ म्हणजे हा दिवस. त्या दिवशी पाटीकडे बघून ‘हं, चालेल’ म्हणायचं आणि एक बाटली काढून ठेवायची. पुढे तिचं काय करायचं, ते त्यांना माहीत नव्हतं. शब्द दिला होता, तो पाळायचा होता. ह्या एका गोष्टीच्या आधारावर ते आठशे-साडेआठशे सकाळी उठून दुकानात आले होते.

आणि ऑगस्टच्या शेवटी कायदा झाला. वय अठरा. लागू एक ऑक्टोबरपासून.

काकांनी पेपर दोनदा वाचला. मग पाटीकडे पाहिलं. तीस सप्टेंबरपर्यंत पाटी रोजच्यासारखी एकेक दिवस चालणार, आणि एक ऑक्टोबरला एका उडीत तीन वर्षं पुढे जाणार. मधल्या तीन वर्षांतल्या सगळ्या तारखा न लागताच राहणार, आणि त्यात अगदी सुरुवातीलाच, दारातच उभी असल्यासारखी, तीन ऑक्टोबर. नव्या कायद्याने तर भोंग्या त्या जूनमध्येच आठ महिन्यांचं जुनं गिऱ्हाईक ठरला असता.

ते मालकाकडे गेले. मालक मोबाइलवर काहीतरी बघत होते.

“पाटी तीन दिवस जुनीच ठेवली तर?” काका म्हणाले. “तीन तारखेपर्यंत.”

“अहो, कायदा बदलला आणि आपण जुनी पाटी लावून गिऱ्हाईक हाकलायचं?” मालक हसले. “आणि पाटी आता नकोच. एक तारखेपासून स्क्रीन येतेय. आपोआप बदलते. तुमचा रोजचा व्याप वाचला.” मग त्यांनी काकांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. “का हो? काही होतं का तीन तारखेला?”

काकांना सांगता आलं असतं. मालक वाईट माणूस नव्हता, कदाचित ऐकलंही असतं. पण काकांच्या तोंडून निघालं, “नाही, काही नाही.” आणि ते काच पुसायला गेले.

तीस सप्टेंबरला सकाळी काकांनी शटर वर केलं. एकोणतीसचा पत्रा काढून डब्यात टाकला, तीसचा हातात घेतला. हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग तोही डब्यात टाकला आणि तीनचा शोधून काढला. सप्टेंबर काढला, ऑक्टोबर लावला. सालाला हात लावावा लागला नाही, ते भोंग्याचंच होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा पाटी खोटं बोलली, आणि तीही कार्डकाकांच्या हातून. त्यांना वाटलं होतं, तारीख लागली की आत काहीतरी हलेल. खुर्चीवर उभे राहून त्यांनी वाट पाहिली. काही हलत नाही असं बघून खाली उतरले आणि पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, “कार्ड?”

कोणाच्या लक्षात आलं नाही. पाटी वाचतं कोण, काकांशिवाय? अकरापर्यंत वीसेक माणसं येऊन गेली. ज्याचं त्याचं कार्ड वाचून काका वर बघायचे, भोंग्याची तारीख बघायचे, आणि म्हणायचे, “हं. चालेल.”

अकराच्या सुमाराला रांगेत चौथी एक बाई दिसली. फिकट निळी साडी, हातात कापडी पिशवी. काकांनी पहिल्या तिघांची कार्डं तपासली, आणि चौथीला नेहमीच्या तोंडपाठ आवाजात म्हणाले, “कार्ड?” म्हणाले आणि मग त्यांना दिसलं, की ह्या काकू आहेत. दारूच्या दुकानाची पायरी चढायची नाही, हा काकूंचा लग्नापासूनचा नेम होता. बावीस वर्षांत डबा द्यायलाही त्या कधी आल्या नव्हत्या.

काकूंनी पिशवीतून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. भोंग्याचं. हॉस्पिटलने कपडे आणि पाकीट परत दिलं होतं, त्यातलं.

“तारीख वाचा,” त्या म्हणाल्या.

काकांच्या हातांना कुठे ठाऊक होतं काय करू नये ते. अंगठा फोटोवर गेला. तोंडाने तारीख वाचली. मान वर झाली. काकूंनीही मान वर केली, आणि पाटीवर काय लागलंय ते त्यांनी पाहिलं. तेवढ्यात काकांच्या बोटांनी मशीनमध्ये तारीख टाकलीही होती. मशीन कुंईं करून ओरडलं.

“तीन दिवस कमी,” काका म्हणाले.

आपणच हे बोललो ह्यावर त्यांचा विश्वास बसेना. पण शब्द बाहेर पडला होता, आणि काउंटरवर, कार्डाशेजारी, पडून होता.

“माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “मीपण मोजलेत. उद्यापासून एकवीसची पाटी नाही म्हणून आज आले.” त्यांनी आवाज चढवला नाही. “पहिली तुमच्याकडून, असं म्हणाला होतात ना त्याला?”

काकांनी विचारलं, “तुला कोणी सांगितलं?”

“त्याचा तो उंच मित्र. पँट अल्टर करायला आला होता. महिन्याभरातच.”

“दोन वर्षं तू...” काका थांबले. “बोलली नाहीस.”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले,” काकू म्हणाल्या. “रोज संध्याकाळी वाटायचं, आज सांगतील. तुम्ही जेवायचात आणि झोपायचात.”

रांगेत कोणीतरी घसा खाकरला. काका वळले. फ्रीज उघडला. दुसऱ्या कप्प्यात, डावीकडून तिसरी. भोंग्यानेही तेव्हा ह्याच जागेवरची काढली होती. बाटली त्यांनी काउंटरवर ठेवली. मशीनकडे पाहिलं नाही. खिशातली नोट काढून गल्ल्यात टाकली आणि कार्ड काकूंच्या हातात परत दिलं.

“हं,” ते म्हणाले. “चालेल.”

काकूंनी बाटली उचलली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तसली वस्तू हातात धरली असेल. फिरवून बघितली, मागून, पुढून, काचेतून आत. गार होती, तिला घाम फुटला होता, तो त्यांनी पदराने पुसला.

“एवढीशीच असते?” त्या म्हणाल्या. “चौघांत?”

“एवढीच असते,” काका म्हणाले.

आणि मग काय झालं ते काकांना नीट सांगता आलं नसतं. त्यांनी काउंटर दोन्ही हातांनी धरला. छातीत दुखायला लागलं, खरोखरीचं, ठेच लागलेल्या बोटासारखं, आणि त्यांना कळलं की हे ते आहे. इतके दिवस ह्याचीच वाट पाहिली, आणि आता आलं तर सोसवत नव्हतं.

“दुकान बंद आहे,” ते रांगेला म्हणाले.

“आत्ता?” मागचा माणूस म्हणाला. गावात नवा असावा, जाडा, हसरा, हातात कार्ड आधीच काढून ठेवलेलं. “अहो, अजून अकराच वाजलेत. झालं काय?”

“मुलाला एकवीस पूर्ण झाली,” काका म्हणाले.

“अरे वा. अभिनंदन,” तो माणूस म्हणाला. त्याने बाटलीकडे बघितलं आणि आणखी हसला. “मग बरोबर आहे. बापलेक बसणार म्हणा आज.”

काकांनी काकूंकडे पाहिलं.

“हो,” काकू म्हणाल्या. “त्यांचं ठरलंच होतं तसं.”

माणसं एकेक करून बाहेर गेली. काकांनी दिवे घालवले, पाटी तशीच ठेवली आणि शटर ओढून घेतलं. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. ह्या वेळेला दोघं मिळून रस्त्याने कधी चालले होते ते दोघांनाही आठवलं नसतं. काकूंनी बाटली कापडी पिशवीत घातली होती. चार पावलं गेल्यावर काकांनी हात पुढे केला.

“आण इकडे. मी घेतो.”

“राहू द्या,” काकू म्हणाल्या. “जड नाही.”